विद्यावेतन असेल तरच दार उघडतं: अमेरिकेतलं उन्हाळी जैववैद्यकीय संशोधन प्रशिक्षण

रानजाई

परवा इथल्याच एका धाग्यावर "कॉलेजातल्या मुलांनी उन्हाळ्यात एखाद्या लॅबमध्ये बिनपगारी काम करावं, अनुभव मिळतो ना, मग झालं" असा सल्ला वाचला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण तो कुणाला परवडतो यावर सविस्तर लिहावंसं वाटलं, म्हणून वेगळा धागा काढते.

मी बॉल्टिमोरमध्ये पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे पदवीची मुलं येतात, आठ-दहा आठवडे काम करतात आणि शेवटी पोस्टर मांडून परत जातात. अमेरिकेत असे कार्यक्रम बरेच आहेत. त्यांतले कितीतरी अशा मुलांसाठी मुद्दाम सुरू झाले, ज्यांच्या समाजातून संशोधनात फार थोडी माणसं पोचली: कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकन, हवाईचे मूळ रहिवासी, अपंग विद्यार्थी. एनआयएचने (अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने) २०१९ मध्ये केलेल्या व्याख्येत वंशापलीकडच्याही गोष्टी आल्या. आईवडिलांपैकी कुणीच पदवीधर नाही, पेल ग्रँटवर, म्हणजे गरजू मुलांसाठीच्या सरकारी मदतीवर, शिक्षण चाललंय, गाव आडबाजूचं आहे, कधी घराविना राहावं लागलं, सरकारी देखरेखीखाली परक्या घरात वाढ झाली. यांतल्या दोन लागू पडल्या की पुरे असे.

अशा मुलाला उन्हाळ्यात काय मिळतं, तर विद्यावेतन, राहायला खोली, येण्याजाण्याचा खर्च आणि शिकवायला एक माणूस. मला यातलं विद्यावेतन सगळ्यात मोठं वाटतं. प्रयोग शिकवता येतात, शोधनिबंध वाचायला शिकवता येतं. पण उन्हाळाभर गोदामात खोकी उचलून पुढच्या सत्राची फी जमवणाऱ्या, त्यातले थोडे घरी पाठवणाऱ्या मुलाला "ये, फुकट शिकवते" म्हणणं म्हणजे त्याला येऊ नको असंच सांगणं आहे. लॅबमध्ये बिनपगारी काम करणारी मुलं कोण असतात ते पाहा. ज्यांच्या घरचे तीन महिने खर्च सोसू शकतात, तीच. त्यांना शिफारसपत्रं मिळतात, त्यावर पीएचडीचे प्रवेश मिळतात, आणि मग आपण म्हणतो की बाकीचे अर्जच करत नाहीत.

पैशामुळे काय हुकतं याचं या शहरातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे व्हिव्हियन थॉमस. जन्म १९१०. सुतारकाम करून कॉलेजसाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० मध्ये नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठात शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. काम संशोधन सहायकाचं आणि पगाराच्या नोंदीत हुद्दा झाडूवाल्याचा. पुढे ब्लेलॉक यांच्याबरोबर ते इथे बॉल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले. हृदयात जन्मजात दोष असलेल्या, अंग निळं पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्यांनी आधी कुत्र्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला ती पहिल्यांदा एका लहान मुलीवर झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कुठे आणि कसा घालायचा ते सांगत होते. त्यांनी शल्यविशारदांच्या पिढ्या शिकवल्या. पदवी मात्र नव्हती ती नव्हतीच. १९७६ मध्ये हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली, तीही वैद्यकशास्त्राची नव्हे, कायद्याची. आज त्यांचं तैलचित्र तिथे आहे. मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते बघून यायला सांगते.

आता दुसरी बाजू. किझमेकिया कॉर्बेट हे नाव कोविड लशीमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. उत्तर कॅरोलिनातल्या लहान गावातली मुलगी. शाळेत असतानाच प्रोजेक्ट सीड या योजनेतून तिला चॅपल हिलच्या विद्यापीठात उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम मिळालं. अमेरिकन केमिकल सोसायटीची ही योजना १९६८ पासूनची, गरीब घरच्या शाळकरी मुलांसाठी, आणि तीत मुलांना पैसे मिळतात. पुढे ती इथे बॉल्टिमोरजवळच्या यूएमबीसी विद्यापीठात मायरहॉफ स्कॉलर, म्हणजे तिथल्या शिष्यवृत्ती कार्यक्रमातली विद्यार्थिनी होती. हा कार्यक्रम १९८८ मध्ये फ्रीमन ह्रबॉव्स्की यांच्या पुढाकाराने आणि मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून उभा राहिला. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते, १९९६ पासून तो सर्वांना खुला झाला. कॉर्बेट २००८ मध्ये पदवीधर झाली. बारा वर्षांनी मॉडर्नाची लस ज्यातून निघाली, त्या एनआयएचच्या संशोधनात ती पुढच्या फळीत होती.

मला आत्ता हे लिहावंसं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये एनआयएचने स्वतःची उन्हाळी इंटर्नशिप रद्द केली, आणि मार्क, यू-राइज यांसारखे पदवी विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बंद केले. मार्क १९७० च्या दशकापासून चालू होता. म्हणजे जागा कमी झाल्या आणि मुलं तेवढीच आहेत. इथे अमेरिकेतल्या लॅबमध्ये काम करणारे खूप मराठी लोक वाचतात हे मला माहीत आहे. तुमच्या अनुदानात एका मुलाच्या उन्हाळ्याचा पगार बसत असेल तर बसवा, एवढंच मागणं आहे. ज्या मुलांना आर्थिक गरजेमुळे वर्क-स्टडी (शिकता शिकता पगारी काम करण्याची सरकारी योजना) मंजूर असतं, त्यांच्या पगाराचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. उन्हाळ्यासाठी तुमच्या विद्यापीठात ते मिळतं का, आर्थिक मदत कार्यालयात विचारा. पुष्कळ प्राध्यापकांना याची कल्पनाच नसते.

तुमचे अनुभव लिहा.

टेक्सासकर

ताई, लेख मनापासून आवडला. पण एक विचारतो, राग मानू नका. माझी मुलगी बायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण उत्तम, मेहनत भरपूर. तिने असे चार-पाच कार्यक्रम शोधले, तर निम्म्यांत ती 'एशियन' म्हणून बसत नाही, आणि उरलेल्यांत आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे म्हणून बसत नाही. ती दुसरीत असताना आम्ही इथे आलो. तिला इथलंच सगळं माहीत. तिचा काय दोष?

रानजाई

दादा, राग कसला. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच बघू या.

पहिली. जैववैद्यकीय संशोधनात आशियाई वंशाच्या लोकांची संख्या कमी नाही, उलट बरीच आहे. तुमच्या आमच्या मुलांना घरात, मित्रमंडळींत कुणीतरी संशोधक भेटतोच. त्यामुळे त्या जागांसाठी आपली मुलं धरली जात नाहीत, यात मला अन्याय दिसत नाही. शिवाय कुठल्याही वंशाच्या मुलांना खुले असलेले कार्यक्रमही आहेत. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे आरईयू हे पदवी विद्यार्थ्यांचे संशोधन कार्यक्रम १९८७ पासून चालू आहेत, अॅमजेन स्कॉलर्स आहे.

दुसरी तक्रार मात्र शंभर टक्के खरी, आणि तिच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आरईयूला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांना पगार घेता येत नाही. म्हणजे इथेच शाळा शिकलेली मुलगी फक्त कागदामुळे बाहेर राहते. तिच्यासाठी दोन गोष्टी करता येतील. विद्यापीठात श्रेयांकांसाठी संशोधन करता येतं, ते सत्रात घ्यायचं. आणि पुढे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली तर कॅम्पसवर पगारी काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळसुद्धा. पण काहीही सुरू करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. "स्वयंसेवक म्हणून ये" असं एखादे प्राध्यापक सहज म्हणून जातात, आणि व्हिसाचा त्रास मुलीला होतो.

कोकणकडा

मला हे सगळं पटत नाही. विज्ञानात गुणवत्ता बघावी. प्रयोग करणारा कुठल्या घरातला आहे याने निष्कर्ष बदलत नाही. मदत गरिबीवर द्या, वंशावर कशाला?

माळरान

कोकणकडा, मी ह्यूस्टनला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे. तुमचा मुद्दा मनापासून आहे हे दिसतं, म्हणून नीट उत्तर देतो.

२०११ मध्ये सायन्स नियतकालिकात डोना गिंथर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. एनआयएचच्या मोठ्या अनुदानांसाठी अर्ज करणारे, म्हणजे पीएचडी, पोस्टडॉक सगळं पार करून स्वतःची लॅब चालवणारे लोक. शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदानं, शोधनिबंध हे सगळं हिशेबात धरल्यावरही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा १० टक्के बिंदूंनी कमी निघालं. ही गरिबीची गोष्ट नाही, ही माणसं गरिबी मागे टाकून आलेली होती.

२०१९ मध्ये त्याच प्रश्नावर पुढचा अभ्यास आला. त्यात एक कारण असं सापडलं की कृष्णवर्णीय संशोधक निवडतात ते विषय, म्हणजे समाजाचं आरोग्य, विषमता, प्रत्यक्ष माणसांमधले अभ्यास, त्यांना मुळातच कमी अनुदान मिळतं. तेव्हा निष्कर्ष बदलत नसेलही, पण प्रश्न बदलतो. कुठला प्रश्न विचारायचा हे कुठल्या घरातून आलो यावर बरंच ठरतं.

साधं उदाहरण. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कोविडात आपण सगळ्यांनी वापरला. काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी आकडे मांडले: धोकादायक पातळीवर घसरलेला ऑक्सिजन या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. यंत्र कितीतरी वर्षं प्रत्येक रुग्णालयात होतं. हा प्रश्न आधीच जोरात विचारणारी माणसं खोलीत असती तर?

वैनगंगा

माळरान यांनी विषय काढलाच आहे तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी चंद्रपूरकडची, परिचारिका आहे. आमच्याकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी ठाऊक आहे. हात-पाय दुखून तळमळणारं लेकरू आणि "नाटक करतंय" म्हणणारे लोक, हे मी पाहिलंय.

हा आजार वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा नोंदला गेला १९१० मध्ये, शिकागोत जेम्स हेरिक यांनी. रुग्ण होता ग्रेनाडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. इतक्या लवकर मुळाशी पोचलेला आजार. आणि जनुक संपादनाचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली तीही २०२३ मध्येच. अमेरिकेत ज्यांना हा आजार होतो ते बहुतेक कृष्णवर्णीय, इथे आदिवासी. दोन्हीकडे ज्यांचं कुणी प्रयोगशाळेत बसलेलं नव्हतं असे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासलं, तेव्हा १०० पैकी ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला. १९८९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरलं जायचं. विचारणारी बाई होती म्हणून उत्तर मिळालं. म्हणून मला वाटतं, आमच्या भागातली मुलं संशोधनात जायला हवीत. ताई, तुमच्या त्या कार्यक्रमांसारखं आपल्याकडे काय आहे?

गोदातीर

वैनगंगाताई, मी नांदेड जिल्ह्यात वरिष्ठ महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून सांगतो. बंगळुरूची इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस आणि दुसऱ्या दोन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देतात. दोन महिने, देशातल्या चांगल्या संस्थेत, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पमुदतीची विद्यार्थी योजना १९७९ पासून आहे. यांत सामाजिक मागासलेपण बघून मुद्दाम मुलं शोधणारं असं फार थोडं आहे. अर्ज ज्याला माहीत, तो भरतो.

रानजाईताईंनी पैशाचं लिहिलं ते इथे तंतोतंत लागू आहे, आणि आपल्याकडे त्यात वेळेचा प्रश्न मिसळतो. माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या संस्थेत निवडली गेली. विद्यावेतन मंजूर होतं, पण हातात पडलं काम संपल्यावर. मेसचे पैसे मात्र पहिल्या तारखेला भरायचे. वडील ऊसतोड मुकादमाकडून उचल घ्यायला निघाले होते. शेवटी आम्ही तीन शिक्षकांनी वर्गणी काढली. ती गेली, उत्तम काम केलं, आता पीएचडी करते आहे. पण अशी वर्गणी निघाली नाही अशा किती मुली असतील? कार्यक्रम आखणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: निम्मी रक्कम मुलगी पोचायच्या आधी द्या.

अनुस्वार

गोदातीर सर, मी तशाच मुलींपैकी एक. गाव लातूर जिल्ह्यातलं, आईवडील दोघंही शेतात. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पुण्यात एका संस्थेत दोन महिने होते.

आमच्या कॉलेजात मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. तिथे पहिल्या दिवशी माझ्या हातात एक दिली. मला शिकवणारी दीदी पीएचडी करत होती. तिने तराजूवर छोटी नळी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि म्हणाली, "१०० मायक्रोलिटर पाणी टाक." १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅम भरलं पाहिजे. माझं ८७ भरलं, मग ११०, मग ९३. ती काही बोलली नाही, फक्त अंगठ्याकडे बोट दाखवलं. मी बटण सोडताना झटका देत होते, त्यामुळे आत हवा जायची. हळू सोडायला लागल्यावर ९९, १००, १००. दुपारपर्यंत तेच केलं. त्यानंतर मला कधीच असं वाटलं नाही की हे काम माझ्यासाठी नाही.

प्रयोगवहीत मी आधी मराठीत लिहायचे, "नळी क्र. ४ गढूळ झाली, बाकीच्या स्वच्छ" असं, आणि रात्री खोलीवर इंग्रजीत उतरवायचे. लॅबच्या बैठकीत पहिले तीन आठवडे तोंड उघडलं नाही. मग दीदीने नियम केला: प्रत्येक बैठकीत एक प्रश्न, आधी तिला मराठीत सांगायचा, ती म्हणाली चांगला आहे तर विचारायचा. पैसे मिळाले नसते तर मी गेले नसते. दीदी नसती तर परत आले असते.

कोकणकडा

अनुस्वार, वाचून बरं वाटलं. माळरान यांनी दिलेले आकडे मला माहीत नव्हते, त्यावर विचार करतो. वंशाचा निकष मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. पण फुकट काम करवून घेऊ नये आणि पैसे आधी द्यावेत, याबद्दल दुमत नाही.

माळरान

अनुस्वारने जे लिहिलंय ते अमेरिकेतल्या प्रत्येक लॅबने भिंतीवर लावावं. मुलांना घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं लिहितो, कारण हेतू चांगला असूनही उन्हाळा वाया गेलेला मी पाहिला आहे.

दहा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र, संगणकाची खाती यांत पहिला आठवडा जातो, शेवटचा पोस्टरमध्ये. मधल्या आठांत बसेल असा एकच प्रश्न द्या. उंदरांची पैदास लागणारा विषय नको, नवीन प्रतिपिंड (अँटीबॉडी) तपासण्यापासून सुरुवात नको. तुम्ही स्वतः आधी करून बघितलेला, चालणारा प्रयोग द्या, आणि त्यात एक खरा अज्ञात भाग ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. मुलांना हा फरक लगेच कळतो. नुसती भांडी धुवायला आणि जेल ओतायला लावलं तर ते मजूर होतात, आणि आधीच ठरलेलं उत्तर काढायला लावलं तर ती शाळेची प्रॅक्टिकल होते.

शिकवणारा रोज जागेवर हवा. मुख्य प्राध्यापक जुलैत परिषदांना जातात, त्यामुळे खरं शिकवतो तो पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक. त्याच्या वेळेची कुणी दखल घेत नाही, हा सगळ्यात दुबळा सांधा आहे. त्याला आधी विचारा, त्याच्यावर लादू नका.

आणि उन्हाळा संपला की संबंध तोडू नका. नोव्हेंबरमध्ये एबीआरसीएमएस ही जैववैद्यकीय संशोधनाची परिषद असते, २००१ पासून. पदवीची मुलं तिथे आपलं काम मांडतात आणि पीएचडी कार्यक्रमांचे लोक त्यांना भेटायला येतात. सॅकनास ही लॅटिनो आणि मूळ अमेरिकन वैज्ञानिकांची संस्था १९७३ पासून हेच करते. तिकडे पाठवा. सादरीकरणाची तालीम करून घ्या. काम शोधनिबंधात गेलं तर नाव घाला.

टेक्सासकर

रानजाईताई, मुलीने आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारलं. श्रेयांकांचं संशोधन चालतं असं लेखी उत्तर आलं आहे. धन्यवाद. आणि आमच्या मंडळात दोघं-तिघं मेडिकल सेंटरमध्ये स्वतःची लॅब चालवतात. त्यांना हा धागा पाठवतोय. वर्क-स्टडीचं त्यांना खरंच माहीत नव्हतं.

गोदातीर

शिफारसपत्राबद्दल कुणी सांगेल का? माझ्या मुलांची पत्रं मीच लिहितो, पण "हुशार, कष्टाळू, वर्तणूक चांगली" यापलीकडे काय लिहावं कळत नाही. बाहेरच्या संस्थांना नेमकं काय हवं असतं?

रानजाई

सर, मी दरवर्षी अर्ज वाचते, म्हणून सांगते. "हुशार, कष्टाळू" सगळ्याच पत्रांत असतं, त्यावरून काही कळत नाही. एखादा प्रसंग लिहा. प्रयोग फसला तेव्हा मुलीने काय केलं? पुस्तकात नसलेलं काय विचारलं? तुमच्या कॉलेजात काय साधनं आहेत आणि काय नाहीत, तेही स्पष्ट लिहा. पिपेट कुलपात असते हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतं की अनुभव नाही यात मुलीची कमतरता नाही. घरची परिस्थिती मुलीला विचारून, तिची हरकत नसेल तरच दोन ओळींत लिहा, पान भरून नको. पत्र तिच्या कामाबद्दल असू द्या.

मुलीच्या स्वतःच्या निबंधात एक खरा प्रश्न हवा. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" असं बहुतेक सगळे लिहितात. "आमच्या गावात बोअरचं पाणी प्यायल्यावर दातांवर डाग का पडतात आणि शेजारच्या गावात का पडत नाहीत" असं लिहिणाऱ्या मुलीला मी आधी निवडेन.

तारखांचं बघा. अकादमींचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला, अमेरिकेतले बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत. दिवाळीनंतर लगेच मुलांना बसवून कच्चा मसुदा करून घ्या. तुमच्या मुलींचे निबंध मला पाठवले तर मी वाचून सुचवेन. माळरान, अनुस्वार, तुम्हीही वाचाल का? मुलं जास्त असतील तर आपण वाटून घेऊ.

अनुस्वार

मी आहे. मराठीतून लिहिलेले मसुदेसुद्धा पाठवा सर, इंग्रजी आपण नंतर करू.

माळरान

मीही. शनिवारी सकाळी भारतातल्या वेळेनुसार फोनवर बोलायलाही जमेल.